पारवीचा पाय

२० ऑक्टोबर १९६१, शुक्रवार

काल दसरा झाला. असा फजितीचा दसरा वैऱ्यालाही येऊ नये.

सकाळी पारवीला न्हाऊ घातलं, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. रंग पारव्यासारखा निळसर राखाडी, म्हणून तिचं नाव पारवी. सबंध पावसाळा ती गोठ्यात बांधलेली होती. आमच्या काळ्या मातीत चिखल झाला की घोडं सोडाच, माणूसही रुतून बसतं. चार महिन्यांनी तिच्यावर मांड टाकली. फेटा बांधून मी मध्ये, पुढे ढोल आणि मागे सारं गाव.

मारुतीच्या पाराशी पारवी एकाएकी थांबली. तिचा मागचा डावा पाय लांब मागे ताणला गेला आणि तिथेच राहिला, लाकडासारखा ताठ. खुराचं टोक मातीत घासत तिने तो कसाबसा ओढला. मला वाटलं, ढोलाला बिचकली. मी टाच मारली. पाय झटक्याने सुटला, ती पुढे उडाली आणि मी मागे पडलो. घोट्यात कडकन वाजलं ते मला एकट्यालाच ऐकू आलं. गाव हसण्यात गुंग होतं.

शहाद्याच्या डॉक्टरांनी हाडाला चीर गेली म्हणून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आहे. कार्तिक संपेपर्यंत पुढच्या ओट्यावरची खाट सोडायची नाही. गोठा घराच्या मागच्या अंगाला, म्हणजे पारवी नजरेलाही पडणार नाही. पायापेक्षा ते जास्त दुखतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. पारवीला रेवाल चालीत तिथल्या मैदानात उतरवायचं मी शिंगरू आणलं त्या दिवसापासून ठरवलं होतं. रेवाल म्हणजे घोडा वाऱ्यासारखा निघतो, पण वर बसलेल्याच्या फेट्याचा शेमलाही हलत नाही. आता कसलं मैदान आणि कसली चाल!

२२ ऑक्टोबर, रविवार

पायाची चौकशी करायला लोक येतात आणि घोडीवर बोलून जातात. कोणी म्हणतं खुरात काटा, कोणी म्हणतं नजर लागली. शेजारचा प्रेमचंदभाई तर खाटेवर माझ्या प्लास्टरला टेकून बसला.

"चुनीभाई, हाऊ वात शे. यात्रामा इकी टाक. एखादा टांगावाला लई जाईन."

टांग्याला! माझी पारवी!

पण मनात किडा सोडून गेला खरा. लंगडी घोडी घरात ठेवून करायचं काय? हिलालला निरोप धाडला आहे. जनावराला तापल्या लोखंडाचा डाग द्यायला या टापूत तोच. पण तो गुजरातेत गेला आहे, कार्तिकअखेर येईल. ठरवलं: तोवर बरी झाली नाही तर डाग द्यायचा, आणि डागानेही नाही भागलं तर यात्रेत विकायची.

हे जसोदाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या असा आदळला की निम्मं पाणी प्लास्टरवर.

२५ ऑक्टोबर, बुधवार

जसोदाने परस्पर आमच्या सालदाराला, दगाला, शहाद्याला पाठवून जनावरांचा डॉक्टर आणवला. मिरजकर नाव. सायकलवर आला. मिशी अजून नीट फुटलेली नाही.

दगाने पारवीला ओट्यासमोर आणलं, म्हणून सगळं मला दिसलं. पोरगा घाई करत नाही एवढं खरं. आधी खूर उचलून ठोकून बघितलं. मग नळी चाचपली, घोटा वाकवला, दुमडून धरला, पाठीवरून बोटं दाबत नेली. पारवी कुठेच दचकली नाही. मग तिला सरळ चालवलं, छोट्या घेरात फिरवलं. घेरात वळताना पाय अडकला, तसाच ताठ, मागे.

मी म्हणालो, "ओढा आता!"

त्याने ओढला नाही. एक हात मांडीच्या खाली पुढच्या बाजूला ठेवला, काहीतरी आत दाबलं आणि दगाला म्हणाला, "घोडी मागे सरकवा." पारवी एक पाऊल मागे गेली. टक असा आवाज आला आणि पाय सुटला! गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"गुडघ्याची वाटी," डॉक्टर म्हणाला. "माणसाला असते तशीच घोड्याच्या मागच्या पायालाही असते. घोडा उभ्याने डुलकी घेतो ना, तेव्हा ही वाटी वरच्या खुंटीला अडकवून ठेवतो, म्हणजे पाय दुमडत नाही. हिची अडकते, पण सुटत नाही. वाटी खेचून धरणाऱ्या मांडीतली ताकद गेली आहे. किती दिवस बांधून होती?"

"पावसाळाभर," जसोदा पदराआडून म्हणाली.

"तेच कारण. आता हिला चालवा. रोज. आधी सपाटीवर सरळ, मग चढावर, मग नदीच्या वाळूतून, गुडघाभर पाण्यातून. छोटं वळण देऊ नका. मांडी भरली की वर माणूस बसवा. यानेही नाही जमलं तर आतल्या बाजूचा एक बंध कापून वाटी मोकळी करता येते. पण चाकू सगळ्यांत शेवटी."

जसोदाने विचारलं, "चढ कितला? उतरतांना काय करानं? पाय अडकना ते मागे सरकाडानी का?" नदीचं पाणी थंड असतं ते चालेल का, हेही विचारलं. ही बाई एवढं कशाला विचारते कोण जाणे. डॉक्टर मात्र खूश होऊन सांगत बसला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस विचार केला. लंगड्या जनावराला चालवायचं? माझा पाय मोडला तर मला खाटेवर बांधतात आणि घोडीचा बिघडला तर तिला डोंगर चढवायचा? पुस्तकात काहीही छापतात.

मी माझ्या आजोबांचं तेल काढायचं ठरवलं. जवसाचं तेल, त्यात लसूण, ओवा, डिकेमाली. खाटेवर बसूनच कढवून घेतलं. घरभर असा वास सुटला की प्रेमचंदभाईंकडची मांजर आमच्याकडे फिरकेनाशी झाली. जसोदाला आणि दगाला समोर बसवून बजावलं, "हाई तेल रोज मांडीले चोळानं. आनि घोडी गोठामाईन एक पाऊल भायेर जावाले नको."

जसोदा म्हणाली, "बरं."

इतकं चटकन 'बरं' तिने लग्नापासून कधी म्हटलं नव्हतं. पाय मोडला की घरात माणसाचा मान वाढतो.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

तेल लागू पडतंय!

पहिले दोन-तीन दिवस पाय उठता-बसता अडकायचा म्हणे. आज जसोदाने सांगितलं, सकाळपासून दोनदाच अडकला आणि आपोआप सुटला. तिच्या मते तेल सूर्य उगवायच्या आत चोळलं तर जास्त मुरतं, म्हणून ती आणि दगा पहाटेच मागे जातात. ऊन चढल्यावर ती पुढे येते तेव्हा तोंड लालबुंद, कपाळावर घाम. तेल चोळणं वाटतं तितकं सोपं काम नाही. लुगड्याचा काठ ओला होता. गोठा धुतला म्हणाली.

पन्नाशीला आलेल्या बाईने एवढे कष्ट उपसावेत. मला वाईट वाटलं. म्हणालो, "दगालेच करू दे." तर म्हणाली, "दगाना हातले तो गुण नही."

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज पाडवा. जसोदाने ओवाळलं. दिवाळीचं गोडधोड बाजूला सारून तिने भरताबरोबर तीन भाकरी खाल्ल्या. एरवी दीड खाते. संध्याकाळी दिवा लावला आणि बसल्या बसल्या झोपली. झोपेत हसत होती.

खाटेवर वाळूचे कण सापडले. विचारलं तर म्हणाली, पारवीच्या पायाखाली मऊ राहावं म्हणून दगा नदीची वाळू आणून टाकतो. हे मलाच सुचायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

खाटेचा कंटाळा आला. कापूस वेचणीला आला आहे, केळीला पाणी कोण वेळेवर देतं देव जाणे. सकाळी घर असं शांत असतं की गोठ्यातून पारवीचं फुरफुरणंही ऐकू येत नाही. गाढ झोपत असेल. तेलाने अंग सैल होतंच.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

मिरजकर डॉक्टर न बोलावता आला. मला रामराम करून थेट मागच्या अंगाला गेला. बराच वेळ तिकडे बोलणं चाललं होतं, मधूनच हसणंही. मग तो पुढे येऊन ओट्यावर बसला. चेहरा नुसता फुललेला.

"काका, मांडी काय भरली आहे हो! उजव्या पायात नि डाव्या पायात फरक ओळखू येत नाही. वाटी एकदाही अडकली नाही. चाकूचं काम नाही आता. चाललंय तेच चालू ठेवा."

मी म्हणालो, "तेल मी बंद करणारच नव्हतो."

त्याने जसोदाकडे पाहिलं. जसोदाने छताच्या पत्र्याकडे पाहिलं. डॉक्टरला खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन तो म्हणाला, "हो, तेलही असू द्या."

शिकलेला असून आपली चूक कबूल करतो म्हणजे पोरगा चांगला आहे. जाताना त्याला केळीचा घड बांधून दिला.

२ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी हिलाल डागण्या घेऊन हजर. मी त्याला विसरूनच गेलो होतो. म्हणालो, "आते गरज नही, पन घोडी दखी तर जाय." तो मागे गेला आणि लगेच परत आला.

"गोठा ते रिकामा शे, चुनीभाई."

मी खाटेवर उठून बसलो. हाका मारल्या. बऱ्याच वेळाने जसोदा आली, धापा टाकत. म्हणाली, "दगा तिले पाणी पाजाले लई गया. तेलनी गरमी व्हस ना!" मग हिलालला चहा दिला, त्याच्या लेकीच्या सासरची चौकशी केली, आणि तो गडी खुशीत निघून गेला.

तेलाने उष्णता होते हे खरंच आहे. तरीही मला न विचारता बाहेर न्यायला नको होती. उद्या दगाला बोललं पाहिजे.

४ डिसेंबर, सोमवार

प्लास्टर काढलं. पाय बगळ्यासारखा दिसतो. काठी घेऊन ओट्यावरून अंगणापर्यंत गेलो. मागे गोठ्याकडे निघालो तर जसोदाने वाटेत खाट टाकून बसवलं. आज इतकंच पुरे म्हणाली. काळजी फार करते.

५ डिसेंबर, मंगळवार

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी प्रेमचंदभाई आला. "चुनीभाई, घोडी इकी टाकी का? आज सकायले नदीवर दखी. वर कोनतरी बठेल व्हतं. डोकं, तोंड कपडामा बांधेल. अशी पळाडी ऱ्हायना व्हता, काय सांगू!"

"तो चोर शे," मी त्याला म्हणालो. आता सगळं कळलं. प्रकाशा गावचा कोणी टांगेवाला असणार. यात्रेआधी माझी घोडी पारखून बघतोय, आणि त्याला घोडी काढून देतोय दगा! इतकी वर्षं घरात जेवलेला माणूस! म्हणूनच तो हल्ली मला पाहिलं की हसू दाबतो.

जसोदाला यातलं काही सांगितलं नाही. तिचा पारवीवर जीव आहे, तिला धक्का बसेल. उद्या सकाळी मीच नदीवर जाऊन चोराला पकडणार.

६ डिसेंबर, बुधवार

पकडला.

जसोदा तेल चोळायला मागे गेली तसा मी काठी घेऊन पुढच्या दाराने निघालो. तापीचा उतार धड पायाला काही नाही, मला मात्र दर पावलाला देव आठवत होता. खाली पोचेतो सूर्य वर आला होता. कडेच्या बाभळीखाली दगा निवांत बिडी ओढत बसलेला. मला पाहून बिडी त्याच्या तोंडातून पडली.

"कोठे शे तो चोट्टा?" मी ओरडलो.

दगाने नदीकडे बोट केलं.

वाळूच्या पट्ट्यावरून पारवी येत होती. पाण्याच्या कडेकडेने, मान उचलून. तिचे चारही पाय वाळूला शिवतात की नाही असे. डावा पाय कुठला आणि उजवा कुठला, सांगता आलं नसतं. आणि तिच्या पाठीवर बसलेलं माणूस जराही हलत नव्हतं. रेवाल! मी मनात कितीदा पाहिलेली, आणि दुसऱ्या कोणाच्या घोड्याची कधी न पाहिलेली. मी चोराला विसरलो. काठी खाली टाकून दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "वाह रे गडी!"

गड्याने लगाम आवरला. पदर डोक्यावरून घट्ट घेऊन त्याची कड दातांत धरलेली होती, ती सुटली.

जसोदा.

तिने घोडी माझ्यापुढे आणून उभी केली. पारवीने माझ्या खिशाला नाक लावलं.

"तुले घोडावर बसता येस?" मी विचारलं.

"मन्हा बापना घर घोडा व्हतात. दादापेक्षा मी जास्त चांगली बसू, असं बापू सांगे. लगीन व्हयनं आनि सुटनं."

"माले कधी सांगं नही!"

"तुम्ही कधी इचारं?"

विचारलं नव्हतं. माझ्या मुलांची आई, माझ्या घराची मालकीण, आणि तिला काय येतं हे मला तापीच्या वाळूत उभं राहून कळलं. घोडी विकायची म्हणालो त्या दिवशी तांब्या का आदळला, तेही कळलं.

मी वाळूत बसलो. पाय दुखत होता म्हणून, आणि हसू आवरेना म्हणूनही. ती घाबरली, खाली उतरली. मग तीही हसायला लागली. ती इतकी मोठ्याने हसते हे मी विसरलो होतो. तिने सगळं सांगितलं: पहिल्या दिवसांत पारवीला नुसतं शेताच्या बांधाने सरळ चालवलं, पाय अडकला की मागे सरकवलं. मग नदीचा उतार चढवला. मग पाणी, मग वाळू. डॉक्टरने दुसऱ्या खेपेला मांडी बघून सांगितलं, आता बसा. त्या दिवसापासून ती रोज बसते.

मी म्हणालो, "आनि मन्हं तेल?"

तिने दगाकडे पाहिलं. दगाने धोतर वर करून दोन्ही गुडघे दाखवले.

"लई गुण उना, मालक," तो म्हणाला. "पावसाळाफाईन उठता येत नव्हतं. आते दखा." आणि तो तिथेच दोन उठाबशा काढून मोकळा झाला.

तेव्हा तेल काही वाया गेलं नाही.

येताना तिने मला घोडीवर बसवलं आणि स्वतः लगाम धरून चालली. वाटेत प्रेमचंदभाई भेटला. "चोर सापडना का?" म्हणाला. मी म्हणालो, "सापडना. पन तो मन्हाच घरमा ऱ्हास."

१३ डिसेंबर, बुधवार

आता मीही पहाटे नदीवर जातो. बाभळीखाली दगाशेजारी बसून बघतो. काल सल्ला द्यायला गेलो की लगाम जरा सैल सोड. जसोदाने ऐकलं नाही आणि चाल आणखी सुंदर झाली. सल्ला बंद केला आहे.

२२ डिसेंबर, शुक्रवार

काल दत्तजयंती. पहाटेच बैलगाडी जोडून सारंगखेड्याला गेलो, पारवी गाडीमागे. दर्शन घेतलं. मैदानात लांबलांबचे घोडे, धूळ, शिट्ट्या, जिलबीचा वास. मिरजकर डॉक्टरही सायकल भिंतीला लावून हजर होता.

चालीच्या मैदानात कसोटी साधी असते. स्वाराने एका हातात काठोकाठ भरलेला तांब्या धरायचा आणि टोकाला वळसा घालून यायचं. ज्याचं पाणी शिल्लक त्याची वाहवा. नाव पुकारलं, "चुनीलालभाईंची पारवी." मी फेटा सारखा केला आणि मांड टाकली.

चार ढांगांतच कळलं, गडबड आहे. बरा झालेला घोटा रिकिबीत ठरेना, म्हणून मी एका अंगाला झुकत होतो. पारवी गोंधळून दुडक्या चालीला लागली. पहिल्या वळणाच्या आतच पाणी माझ्या धोतरावर. लोक हसले. दसऱ्यासारखेच हसले.

मी घोडी परत फिरवली. दोराच्या कडेला बायकांच्या घोळक्यात जसोदा उभी होती, मुठी आवळून. मी उतरलो. लगाम तिच्यापुढे केला.

"बस."

"येडा व्हयनात का? इतला लोकं शेतस! काय म्हनतीन?"

"म्हनू दे. घोडी तुन्ही शे. चाल तुन्ही शे. मी कसाले वलं धोतर लई फिरू?"

ती हलेना. मग पारवीनेच पुढे होऊन तिच्या खांद्यावर मान टाकली. जसोदाने चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, दातांत धरला आणि मी हाताची झोळी केली त्यावर पाय ठेवून वर बसली. दगाने तांब्या काठोकाठ भरून दिला. कोणीतरी म्हणालं, "अरे, हाई ते बाई शे!" पंच पुढे आला. मी म्हटलं, "नाव पारवीचं पुकारलं ना? पारवी निघाली बघा."

आणि पारवी निघाली.

मैदान हळूहळू गप्प होत गेलं. आधी जवळचे, मग पलीकडचे. टापांचा आवाज तेवढा, एकसारखा, पावसाच्या सरीसारखा. जसोदाचा हात उंच, त्यात तांब्या, तांब्यावर ऊन. टोकाला तिने रुंद वळसा घेतला, डावा पाय वाळूतल्यासारखाच अलगद पडला, आणि येताना तिने आणखी वेग घेतला. डॉक्टर माझा दंड धरून उभा होता, इतका घट्ट की आज तिथे वळ आहे. "काका, बघा तो पाय! बघा ना!" मी पायाकडे बघत नव्हतो. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि तांब्या खाली दिला. काठोकाठ. मग जो गलका उठला तो मला लिहिता येणार नाही. बायका सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या.

गर्दीतून एक टांगेवाला पुढे आला, घोडी विकायची का म्हणून. मी म्हणालो, "मालकीणले इचार." तिने नुसती नकारार्थी मान हलवली आणि पारवी वळवली.

परतताना तिला गाडीत बसायला सांगितलं. ऐकलं नाही. नदीच्या कडेने घोडीवरच निघाली. दगाने गाडी हाकली आणि मी गाडीतून उतरून तिच्या बाजूने चालू लागलो, एका हातात काठी. वाटेत लोक थांबून बघत होते. एकाने विचारलं, "चुनीभाई, दुसरा हातमा काय शे?"

पाहिलं तर जसोदाच्या चपला. मैदानापासून धरून चाललो होतो. तशाच घरापर्यंत आणल्या.